सिग्नेचा पहिला नकार

सिग्ने ऑस्टबी अडतीस वर्षं आमच्या टॅमरॅक लेक गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होती आणि त्यातली सव्वीस वर्षं मी त्याच शाळेच्या ऑफिसात फोन उचलत होते. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क तिच्या नवऱ्याचा, हार्लनचा, आणि दुसरा माझा. हार्लन तसाही बोलत नाही, म्हणून मीच बोलते.

ती कवयित्री आहे हे गावाला फार उशिरा कळलं. गाईंच्या गोठ्यात वाढलेली पोर. धारा काढून झाल्या की दुधाच्या पावत्यांच्या मागे ओळी खरडायची. बाविसाव्या वर्षी शिक्षिका झाली आणि लांबलांबच्या मासिकांना कविता पाठवू लागली. त्या छापूनही यायच्या. पोस्टातली मंडळी समजत होती, बाई गोधड्यांचे नमुने मागवतेय. तिनं तो समज कधी खोडून काढला नाही. आपल्याकडे काही चांगलं असलं तर ते झाकून ठेवायचं, ही आमच्या मिनेसोटातली रीत.

दुसरी रीत नकाराची. कुणी कॉफी विचारली की आधी म्हणायचं, "नको, उगाच कशाला त्रास." पुन्हा विचारली की, "छे छे, आत्ताच झाली." तिसऱ्यांदा विचारली की, "बरं, अर्धा कप." मग ऐसपैस बसून तीन कप प्यायचे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. हार्लननं लग्नाचंसुद्धा तीनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा सिग्ने म्हणाली, "तुझी फार गैरसोय होणार नसेल, तर चालेल." याला आमच्याकडे प्रेमात वेडं होणं म्हणतात.

वर्गात मात्र ही बाई निराळीच. दर मे महिन्यात प्रत्येक पोरानं स्वतःची कविता लिहायची, गावातल्या कुणातरी मोठ्या माणसासमोर ती म्हणायची आणि त्याची सही आणायची. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूस पळून कुठे जाणार? तो हमखास सापडायचा. नियम एकच: कविता म्हणण्याआधी "फारशी बरी नाहीये हं" असं म्हटलं की दहा मार्क गेले. ड्वेन कॉस्की तर एकाच मे महिन्यात तीन जणांसमोर म्हणायला गेला आणि तिन्ही वेळा असा कापला गेला. आता त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, पण ते दुःख अजून ताजं आहे.

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. एका सोमवारी सकाळी ऑफिसात तिच्यासाठी फोन आला. न्यूयॉर्कहून, कुणी लेवेंथाल म्हणून. ती माझ्या टेबलाशी उभी राहून बोलत होती.

"अहो, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहिणारे असतील तुमच्याकडे," ती म्हणाली. गाल लालबुंद. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, मला तसंच वाटतं," ती हसत म्हणाली, आभार मानले आणि फोन ठेवला.

"काय गं?"

"प्रकाशक आहेत. माझं पुस्तक काढायचं म्हणतात."

"अगं बाई! मग?"

"मी नको म्हटलं."

"ते तर झालंच," मी म्हणाले. "पुन्हा कधी करणारेत फोन?"

"करतील की. दुपारपर्यंत."

दुपार गेली. मंगळवार गेला, बुधवार गेला. फोन वाजला की सिग्ने काहीतरी निमित्त काढून ऑफिसात डोकवायची. एवढे खडू तिनं कधी नेले नव्हते. शुक्रवारी फोनऐवजी पत्र आलं. 'आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. शुक्रवारी संध्याकाळी यंदाच्या पुस्तकांची यादी पक्की होईल आणि आपली जागा दुसऱ्या कवीला देऊ.'

तिनं पत्राची घडी घातली. "जाऊ दे. त्यांना मनापासून हवं नसणार."

"अगं, नको तू म्हणालीस!"

"पण त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं कुठं?"

"न्यूयॉर्कात एकदाच विचारतात म्हणे."

"एकदाच?" तिला खरंच धक्का बसला. "मग तिथं लोक कॉफी पितात तरी कशी?"

मी म्हटलं, आता तूच फोन लाव. "आणि काय सांगू? मला माझं पुस्तक हवंय म्हणून?" तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिला नुसत्या परकरावर चर्चमध्ये जायला सांगितलंय. मग हळूच म्हणाली, "अठ्ठावन्न वर्षांची झाले गं, डोरीन. आता परत कोण विचारणार?" आणि वर्गावर निघून गेली. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, तिचा आणि आमच्या सगळ्या गावाचा.

दुपारी ड्वेन ऑफिसातला हीटर दुरुस्त करायला आला. माझ्या पोटात काही राहत नाही. मी त्याला सगळं सांगून टाकलं. शाळा सुटायच्या सुमाराला सिग्ने हजेरीपट ठेवायला आली, तर हा पाना हातात घेऊन तिच्या वाटेत उभा.

"ऑस्टबी बाई, माझे मार्क परत द्या."

"कुठले रे?"

"बहात्तर सालचे. 'फारशी बरी नाही' म्हटलं म्हणून तीनदा कापलेत. आणि तुम्ही फोनवर न्यूयॉर्कला तेच सांगितलंत! लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

सिग्नेनं माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरची फीत तपासायला लागले.

"तुझी कविता चांगली होती, ड्वेन," ती म्हणाली.

"ते मला ठाऊक होतं. तुम्हाला सांगायला बावीस वर्षं लागली."

तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते, म्हणजे तिकडे साडेचार. तिनं पत्र उघडलं आणि नंबर फिरवला.

"मी सिग्ने ऑस्टबी. सोमवारी मी नको म्हणाले होते." थांबली. "हो, मिळालं पत्र. पण ते 'नको' खरं नव्हतं." दुसऱ्या हातानं तिनं माझ्या टेबलाची कड घट्ट धरली होती. "मला माझं पुस्तक हवंय. कविता चांगल्या आहेत. तीस वर्षं त्यांच्यावर खपलेय मी, आणि त्या चांगल्या आहेत."

इतकी वर्षं मी तिला ओळखत होते. 'मला हवंय' हे तिच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"थांबा म्हणतायत," ती रिसीव्हरवर हात ठेवून पुटपुटली. ड्वेननं टोपी काढली. मला वाटतं, पाचेक मिनिटं गेली असतील. मग ती "हो" म्हणाली, पुन्हा "हो" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काढतायत," ती म्हणाली.

मग शिक्षा झालेली पोरं बसतात त्या बाकावर ती बसली आणि हसता हसता मोठ्यानं रडायला लागली. तेवढ्यात घंटा झाली. अख्खी शाळा ऑफिससमोरून जायला लागली आणि पोरं माना वळवून वळवून बघायला लागली. आमच्या गावात माणसं अशी चारचौघांत रडत नाहीत, म्हणून मी घाईनं दार लावायला उठले.

"राहू दे उघडं," सिग्ने म्हणाली. "बघू देत."