दाखल्याआधीचा मामा

आमच्या पाथर्डीकडं माणूस एकदा मामा झाला की त्याची चौकशी संपते. कंडक्टर मामा, शिपाई मामा, पोलीससुद्धा मामाच. आणि कुणी फसवलं तर म्हणायचं, मामा बनवलं. एकाच शब्दाला इतकी कामं आम्ही का लावली, कोण जाणे.

दिवाळीच्या सुमारास गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. पोरांची शाळा बुडू नये म्हणून शाळेतच हंगामी वसतिगृह चालतं. मी तिथली मुख्याध्यापिका. त्या वर्षी वॉचमन म्हणून शेजारच्या तालुक्यातला एक पन्नाशीचा माणूस आला. सोबत त्याच्या सरपंचाची चिठ्ठी, 'सदर इसम चांगल्या चालीचा आहे.' बोलणं मऊ, न सांगता पाण्याची टाकी भरून ठेवायचा. दुसऱ्याच दिवशी पोरं त्याला मामा म्हणायला लागली आणि खरं सांगते, मीही.

नियम मला पाठ होता. मुलांपाशी काम करणाऱ्या प्रत्येकाचा पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा. लेकरांशी घाण वागून शिक्षा झालेला माणूस शाळेच्या आसपास येऊ नये, म्हणूनच तो नियम. तिथं सरपंचाची चिठ्ठी चालत नाही. पण विचारलं की तो म्हणायचा, "आनतो की बाई, सायेब रजेवर हायेत." एरवी मी कागदांच्या बाबतीत चांगली खवट आहे. त्याच्या बाबतीत मात्र लोणी झाले.

एके सकाळी स्वयंपाकाच्या मावशींनी भाकरी थापता थापता मला टोकलं. "बाई, माझ्या दाखल्यासाठी मी तालुक्याला दोन खेपा घातल्या. मामाचा कुठंय? का मामाला माफ हाय?" त्यांची नात तिथंच राहायची. मला राग आला. आधी त्यांचा, मग माझाच.

लगेच त्याला सांगितलं, दाखला आणा, मगच आत या. हात जोडून तो तालुक्याच्या जीपमध्ये बसला, तो परत आलाच नाही. वळकटी तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी त्याच्या आधारची झेरॉक्स घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. त्याला शिक्षा झालेली निघाली. गाव दुसरं होतं, मुलगी तिथल्या शाळेतलीच होती. झेरॉक्स तर पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटात होती.

मावशींनी आणि मी एकेका लेकराला जवळ बसवून विचारलं. काही घडलं नव्हतं. पण अकरा दिवस तो त्यांच्या खोलीच्या दाराशी झोपत होता आणि तिथं त्याला मीच ठेवलं होतं.

मग सगळ्या आईबापांना फोन लावले. काहीही लपवलं नाही. एका आईनं उसाच्या फडातून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी हाय ना तितं, बाई? मग आमाला घोर न्हाई."

माझा दाखला तिनं कधीच पाहिला नव्हता. ती मला नुसती बाई म्हणायची.