परवानगी मागणारे साडूभाऊ

उमरग्यात आजवर कुणाच्याही घरात, दुकानात किंवा बोलण्यात न विचारता शिरला नाही असा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि दुसऱ्याच्या घरात न विचारता कसं शिरतात हे शिकवण्यावर त्या माणसाचं पोट चालतं. नात्यानं ते माझे साडू. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. साडूभाऊंचा कॉम्प्युटरचा क्लास हायवेवर एका टायरच्या दुकानाच्या वर आहे. खाली ट्रकांची चाकं खोलली जातात आणि वर साडूभाऊ नवख्या मुलामुलींना नेटवर्किंग आणि एथिकल हॅकिंगचा पाया समजावून सांगतात. खालून हातोड्याचा आवाज आला की वाक्य अर्धवट सोडून थांबतात, आवाज संपला की त्याच शब्दापासून पुढं. मी इथल्याच एका शाळेत मराठी शिकवतो. शेजारच्याची सायकल पंक्चर झाली तरी आपलं काही चुकलं की काय असं मला वाटत राहतं. अशा माणसानं साडूभाऊंच्या गल्लीत राहणं म्हणजे रोजची परीक्षा आहे.

साडूभाऊ आमच्या दारात येतात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहतात. "येऊ का?" या म्हटलं की लगेच येत नाहीत. "बैठकीतच का आतपर्यंत?" असा पुढचा प्रश्न असतो. सुरुवातीला माझी बायको हसायची, मग वैतागली, आणि आता त्यांची चप्पल दिसली की स्वयंपाकघरातूनच ओरडते, "दाजी, बैठक, स्वैपाकघर आणि मागचं अंगण. माडीवर कपडे वाळायलेत, तिकडं नको." मग ते समाधानानं आत येतात. एकदा तिनं चिवडा, लाडू आणि शंकरपाळ्यांचं ताट पुढं ठेवलं, तर ह्यातलं काय काय खाऊ असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, सगळं खा की. साडूभाऊंनी ताट हळूच बाजूला सरकवलं आणि तिला समजावलं की सगळं असं कधी म्हणू नये, हद्द सांगावी. तेव्हापासून तिनं त्यांच्यापुढं ताट ठेवणं सोडलंय, थेट हातावर लाडू ठेवते.

हे खूळ कुठून आलं म्हणाल तर त्यांच्या विद्येतूनच. क्लासमध्ये पहिल्या दिवशी कॉम्प्युटर चालूच करत नाहीत. फक्त तीन गोष्टी सांगतात. दुसऱ्याचं कुलूप तपासायचं तर आधी मालकाची परवानगी. मग कुठलं दार तपासायचं आणि कुठलं नाही, ती हद्द. आणि जे उघडं सापडेल ते मालकाच्या कानात सांगायचं, गावात नाही. ह्या तीन गोष्टी पाळल्या तर तुम्ही राखणदार, एक जरी सोडली तर चोर. मधे तिसरा कुणी नसतो. तिसऱ्या नियमाचा मला स्वतःला अनुभव आहे. मुरुमला एका लग्नात मी सकाळपासून नव्या सदऱ्यात ऐटीत फिरत होतो. साडूभाऊ आले, मला मांडवामागं नेलं आणि हळू आवाजात सांगितलं की पाठीवरची शिवण मानेपासून कमरेपर्यंत उसवलीय. मी कळवळून म्हणालो, एवढ्या पाव्हण्यांत कुणालाच दिसलं नाही? ते म्हणाले, "दिसलं की. सगळ्यांनी एकमेकाला सांगितलं. तुमाला तेवढं सांगायचं राह्यलं."

शिकवण्याची त्यांची तऱ्हा मात्र अशी की ऐकणारा हायवे आणि इंटरनेट यांतला फरक विसरून जातो. निरोप म्हणजे एकच मोठा ट्रक नव्हे, असं ते खिडकीतून खाली बोट दाखवत सांगतात. माल थोडाथोडा करून अनेक गाड्यांत भरतात. प्रत्येक गाडीवर कुठून आली, कुठं जायची आणि कितीपैकी कितवी हे लिहिलेलं असतं. एक गाडी नळदुर्गवरून जाईल, दुसरी अक्कलकोटवरून; पुढची मागं पडेल, मागची पुढं जाईल. पोचल्यावर आकडे बघून माल पुन्हा लावायचा. चौकातला पोलीस गाडीला वाट दाखवतो तो राउटर. नाव ठाऊक आहे पण घर ठाऊक नाही, तेव्हा पानटपरीवर विचारतो, तसं कॉम्प्युटरही वेबसाइटचं नाव सांगून आकड्यांतला पत्ता विचारून घेतो. घर एकच, पण दारं पुष्कळ: पाव्हण्यांचं पुढचं, दूधवाल्याचं मागचं, आणि एखादं कुणीच वापरत नाही म्हणून कडी न घातलेलं. चोर त्याच दारानं येतो. म्हणून चोराच्या आधी आपण जाऊन बघायचं, अर्थात विचारून.

हे सगळं नुसतं सांगून त्यांचं भागत नाही, करून दाखवावं लागतं. एका दुपारी त्यांनी मला फोन करून परवानगी मागितली: तुमच्या घराला आज पोचायचं ठिकाण करू का? मी हो म्हणालो. त्यांनी एका वाक्याचे सहा शब्द सहा चिठ्ठ्यांवर लिहिले, प्रत्येकीवर सहापैकी एक, सहापैकी दोन असे आकडे घातले, आणि सहा विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या रस्त्यांनी माझ्याकडं सोडलं. मी ओट्यावर सतरंजी टाकून बसलो. आधी चौथी चिठ्ठी आली, मग पहिली, मग पाचवी. मी त्या हौसेनं लावत गेलो आणि वाक्य तयार झालं: आम्ही आज तुमच्याकडे जेवायला येणार. बायकोनं ते वाचलं आणि पदर खोचून गव्हाची हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गुळातली खीर, रटरटत ठेवली. तासाभरानं बाजाराकडून एक पोरगा ओठ पुसत आला. उसाच्या रसाच्या गाड्यावर त्याला मित्र भेटला होता. त्याच्या हातात सहावी चिठ्ठी होती, आणि तिच्यावर लिहिलं होतं: नाही.

मुळात त्यांना जेवायला कुणी बोलावलंच नव्हतं, हा मुद्दा बायकोनं दुसऱ्या दिवशीही हुग्गी वाढताना काढला. मी साडूभाऊंकडं तक्रार घेऊन गेलो आणि परत येताना खाली मान घालून आलो. त्यांनी एवढंच विचारलं, "पाव्हणं, सहापैकी लिहिलं व्हतं का न्हाय? पाच आल्या तवा सहावी का मागितली न्हाय? जे आलं न्हाय ते मागून घ्यायचं, ह्याच्यावरच तर सगळं इंटरनेट उभंय." मुलांनी पुढं कितीतरी दिवस मला रस्त्यात नमस्कार करताना त्याच नजरेनं बघितलं: हाच तो कॉम्प्युटर, ज्यानं सहावी चिठ्ठी मागितली नाही.

असं सगळं मजेत चाललं होतं, तेवढ्यात गावात एक प्रकार घडला. बाजारपेठेतल्या एका गृहस्थांना कुणीतरी फोनवर गोड बोलून फसवलं आणि त्यांच्या खात्यातले पैसे गेले. फसवणारा कुठं दूर बसलेला होता. पण लोकांनी मान वर केली तर त्यांना जवळच एक पाटी दिसली, आणि पाटीवर हॅकिंग असा शब्द होता. त्याच्या आधीचा एथिकल हा शब्द कुणी वाचला नाही. क्लाससमोर कापडाचं मोठं दुकान आहे. त्या दुकानाचे शेठ म्हणजे आमच्या बाजारपेठेचं मत. त्यांची धाकटी सून साडूभाऊंकडं शिकायला येत होती, आणि तिच्याकडं बघूनच आसपासच्या घरांनी आपापल्या मुली पाठवल्या होत्या. शेठनी सुनेला घरी बसवलं. दोन-चार दिवसांत बाकीच्या मुलीही यायच्या थांबल्या. टायरचं दुकान ज्यांचं, ते चाचा वरच्या खोलीचेही मालक. भला माणूस, पण बाजारात बसायचं तर बाजाराचं ऐकावं लागतं. ते जिना चढून आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "मास्टर, मैं कुच नै बोलता. पन लोगां बोल रे." खोली रिकामी करा असं ते म्हणाले नाहीत. पण ते तसं म्हणायलाच आले होते हे साडूभाऊंना कळलं, मलाही कळलं.

साडूभाऊंना दुसरा धंदा येत नाही. शेती नाही, नोकरीचं वय गेलं. क्लास गेला तर ते सकाळी उठून कुठं जातील, हे माझ्या डोळ्यांपुढं येईना. शेवटी चाचांनीच तोड काढली: रविवारी व्यापाऱ्यांना वर बोलवा, काय शिकवता ते दाखवा, मग ते ठरवतील.

मी त्या आठवड्यात साडूभाऊंच्या मागंच लागलो. त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं की दुकानांत कॅमेरे बसवणारे सगळीकडं एकच ठरलेला पासवर्ड टाकून जातात आणि मालक तो कधी बदलत नाहीत. मी म्हणालो, मग शेठचा कॅमेरा सगळ्यांदेखत पडद्यावर उघडून दाखवा. गल्ल्यावर बसलेला त्यांचाच नोकर त्यांना दिसला की तोंडात बोटं घालतील. साडूभाऊंनी विचारलं, आणि परवानगी? मी म्हणालो, ती नंतर घेऊ. कुणाची तरी म्हैस दावणीची सोडून आणू या असं मी सुचवलं असावं, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन दिवस त्यांच्या घराकडं फिरकलो नाही.

रविवारी खोली भरली. अक्कानं चहा केला होता. साडूभाऊंनी ट्रक, चौक, दारं, कड्या सगळं सांगितलं, पण लोक ऐकत नव्हते, वाट बघत होते. मग ते शेठसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले.

"शेठ, तुमच्या दुकानाच्या कॅमेऱ्याची कडी तपासून बघू का? तुमी हो म्हनलाव तरच."

शेठ खुर्चीत मागं रेलले. "न्हाय. माझ्या दुकानाला हात लावायचा न्हाय."

"बरं," असं म्हणून साडूभाऊ स्टुलावर जाऊन बसले.

लोक एकमेकांकडं बघू लागले. मला वाटलं, आता काहीतरी करतील. ते कपातला चहा फुंकून पीत होते.

"आता काय करायलाव?" शेठनी विचारलं.

"काय न्हाय. तुमी न्हाय म्हनलाव की."

"म्हंजे येत न्हाय तुमाला."

"येतंय."

"मग करा की."

"ही परवानगी समजू का?"

"न्हाय."

"बरं," साडूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी कप खाली ठेवला.

मागून कुणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळी खोली हसली. शेठ तर डोळे पुसेपर्यंत हसले. माणसं हसतच जिना उतरली. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि सगळं संपलं असं समजत होतो. पण संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत जे मत झालं ते मला स्वप्नातही सुचलं नसतं. मत असं झालं की मास्तराला काही म्हणजे काही येत नाही. बिचारा कुणाचं काय फोडणार, त्याला चहा फुंकून पिता आला तरी पुष्कळ. पोरींना तिथं पाठवायला काही धोका नाही. दुसऱ्याच दिवशी शेठची सून वर आली, तिच्यामागं बाकीच्या आल्या, आणि चाचांनी खोलीला रंग मारून द्यायचं कबूल केलं.

मला हे सोसवेना. ज्या विद्येवर माणसानं आयुष्य घातलं तीच त्याला येत नाही असं सगळं गाव म्हणत होतं, आणि तेवढ्यावर क्लास वाचला होता. मी दोघा-तिघांना खरं काय ते सांगायला गेलो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, शेवटी तुमचे साडूच की, म्हणून मला गप्प केलं.

परवा अक्काला खण घ्यायचा होता म्हणून आम्ही तिघं शेठच्या दुकानात गेलो. शेठ खुशीत होते. सुनेनं त्यांच्या कॅमेऱ्याची मोठी चूक शोधली होती. बाहेरचा कुणीही बसल्या जागेवरून दुकान बघू शकत होता म्हणे. सासऱ्यांना विचारून तिनं पासवर्ड बदलला, मग घरचा वायफाय, मग दिराच्या दुकानाचाही. शेठ गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा मास्तर, तुमाला जमलं न्हाय, आमच्या सुनंनं करून दावलं."

साडूभाऊ म्हणाले, "लई हुशार हाय पोरगी." आतल्या दारात सून उभी होती. ती काहीतरी बोलायला पुढं झाली. साडूभाऊंनी तिच्याकडं बघून नको अशी मान किंचित हलवली, तशी ती थांबली. मग त्यांनी खणांच्या गठ्ठ्यातला हिरवा काढून दाखवायला सांगितला.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. तुम्हाला काहीच वाटत नाही का, असं मी विचारलं. अक्काही त्यांच्याकडं बघत होती.

"वाटतंय की," ते म्हणाले. "पन दार लागलं न्हवं? रस्त्यानं धा दारं उघडी व्हती, आता एकेक लागायलंय. लावलं कुनी, ते कशाला पायजे."

चौकात हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची लांब रांग लागली होती. ऊन कलतं झालं होतं आणि साडूभाऊंच्या कानशिलांवरचे केस त्या उजेडात मला वाटत होते त्यापेक्षा बरेच पांढरे दिसले. रस्ता मोकळा होईपर्यंत आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो.