ताईंच्या नावाने

पडदे शिवण्याच्या कारखान्यात ती मशीनवर बसायची. बाई अबोल. शेजारची जोडीदारीण म्हणायची, “हिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं.” तिला लहानपणापासून फिट यायची. गोळ्यांनी आता आटोक्यात होती, पण कामावर तिने कुणाला सुगावा लागू दिला नव्हता. झाकली मूठ बरी.

अशीच मूठ झाकून जगणाऱ्यांसाठी तिने ऑनलाइन एक कट्टा काढला होता. संगणक दुरुस्त करणाऱ्या धाकट्या दिराने तो उभा करून दिला, माणसं मात्र हिने जमवली. तिथे ती सगळ्यांची ताई. मुलीला पाहायला येणाऱ्यांना काय सांगावं, साहेबांसमोर फिट आली तर काय करावं, लोक तिला खासगीत विचारत. कट्ट्यावर सगळे टोपणनावाने वावरत, पण ताईंपासून कोण काय लपवणार?

एकदा जेवणाच्या सुट्टीत फोन आला. कट्ट्यावरची, बालवाडीत शिकवणारी मुलगी होती.

“ताई, एवढंच सांगा, असं का केलंत?”

“काय केलं मी?”

“अडीअडचणीला कुणाला कळवायचं ते लिहून ठेवतेय म्हणालात, म्हणून शाळेचं नाव दिलं. आज मोठ्या बाईंना निनावी मेसेज आला. ‘तुमच्या शिक्षिकेला फिट येतात, मुलं सांभाळा.’ मला घरी पाठवलंय. तुमच्याशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.”

“अगं, मी तुला काही विचारलंच नाही.”

 पलीकडून फोन बंद झाला.

संध्याकाळी चपला न काढताच ती संगणकापुढे बसली. पासवर्ड लागेना. दिराला बोलावलं. कट्टा त्यानेच उभा केलेला, त्यामुळे त्याने स्वतःच्या खात्यातून शिरून तिच्या नावाने गेलेले मेसेज उघडले.  शब्द तिचेच होते. ‘वेडाबाई, घाबरतेस काय’ म्हणायची तिची लकब, वाक्य अर्ध्यावर सोडायची सवय, सगळं हुबेहूब. कुणीतरी आधी एक अक्षरही न लिहिता कितीतरी दिवस तिचे मेसेज नुसतं वाचत बसलं होतं, आणि मग तिच्या नावाने लिहायला लागलं होतं.

“वहिनी, पासवर्ड काय होता?”

“लेकीचं लाडाचं नाव.”

“आणखी कुठे वापरला होतात?”

“सगळीकडेच. लक्षात कोण ठेवणार? घरच्या शिवणाचं कापड मागवते त्या साइटवरही तोच.”

दिराने मान खाली घातली. “त्यांच्याकडची माहिती मागेच चोरीला गेली. त्यांनी तुम्हाला कळवलं असेल.”

कळवलं होतं. जाहिरात समजून तिने ते पुसून टाकलं होतं.

“म्हणजे भाऊजी, दार मीच उघडं टाकलं.”

त्याने कट्ट्याचं पान उघडलं. “कट्टा बंद करतो. पण ज्याने वाचलं त्याच्या डोक्यातून ते कसं पुसणार?”

दुसऱ्या दिवशी मशीनवर न बसता ती थेट मालकाच्या खोलीत गेली. दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं.

“साहेब, मला फिट येते.”

मालकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माहीत आहे. सकाळीच मेसेज आलाय.”

कारखान्याचं नाव तिने कट्ट्यावर कधीच लिहिलं नव्हतं. मग आठवलं, कापड ती इथल्याच पत्त्यावर मागवायची; तो पत्ताही त्या साइटच्या चोरीत गेला असणार.

“कोणाचा, साहेब?”

“नाव नाही. पण लिहिणारा तुम्हाला जवळून ओळखतो असं वाटलं.”

नोकरी गेली नाही. मशीनवरून उठवून तिला हाताने दुमड घालायला बसवलं. पोलिसांनी तक्रार घेतली, पुढे काही कळलं नाही. बालवाडीत शिकवणाऱ्या मुलीने तिचा फोन पुन्हा उचलला नाही. बाकीच्यांना तिने एकेक करून खरं काय ते सांगितलं. कुणी शिव्या घातल्या. कुंपणानेच शेत खाल्लं, असंही कुणी म्हणालं.

एक म्हातारा रंगारी तेवढा अजून फोन करतो. करतो, पण आधी खात्री करून घेतो. “ताई, माझ्या पोरीचं लग्न कशावरून मोडलं होतं ते सांगा.” ती सांगते. तो “हं” म्हणतो. आणि मग बोलायला लागतो. पण त्याने ते कट्ट्यावरच लिहिलं होतं; ज्याने चोरून वाचलं, त्यालाही हे उत्तर देता आलं असतं.