मामाच्या डब्यातल्या चार डिस्क

आमच्या घराण्यात कॉम्प्युटर शिकणारी मी पहिलीच. त्यामुळे तो बिघडवण्याचा मानही पहिल्यांदा मलाच मिळाला.

तेलंगणात, आदिलाबादजवळच्या बेला गावात मामाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे सगळे व्हिडिओ एका काळ्या डब्यात राहतात. डब्यात चार हार्ड डिस्क, आणि एकेका व्हिडिओचे तुकडे चौघींत क्रमानं वाटलेले. त्यातच मामाच्या लग्नाचाही व्हिडिओ होता. माझ्या आईचा आवाज जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. चेहरा फोटोत सापडतो. पण आवाज आठवायला गेलं की मामीचाच ऐकू येतो.

म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत तो व्हिडिओ मोबाईलमध्ये घ्यायचाच, असं ठरवून आले. बघते तर पूजेच्या पाटावर कॅमेऱ्याशेजारी चारही डिस्क, कुंकू लावून!

"मामी, ह्या काऊन काढल्या?"

"पूजेले वं! वर्षभर राबतात बिचाऱ्या."

पूजेनंतर मामीनं त्या परत बसवल्या, हाताला येईल तशा (एकसारख्याच तर दिसतात!). डबा सुरू केला, तर एकही लग्न दिसेना.

मामा म्हणाला, "तू हेच शिकून राह्यली ना?"

"हो." (आमच्या तेव्हा फक्त व्याख्या झाल्या होत्या.)

पडद्यावर प्रश्न आला: नव्यानं रचना करू का? इतक्या नम्रपणे विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? मी 'हो' दाबलं! डब्याला निदान जुना क्रम तरी आठवत होता. आता तोही पुसला गेला.

रडत कॉलेजातल्या सरांना फोन केला. "अम्मा, इंकेमी नोक्कोद्दु!" सर तेलुगूत ओरडले. (आता आणखी काही दाबू नकोस!) मग शांतपणे म्हणाले, आधी चारही डिस्कच्या नकला काढ, मूळ डिस्कना हात लावू नकोस, आणि नकलांवरच क्रम लावून बघ. चार डिस्कचे क्रम चोवीस.

मामानं आदिलाबादहून नव्या डिस्क आणल्या. नकलांतच तीन दिवस गेले. मग एकेक क्रम.

"लागलं का?" मामा दर पाच मिनिटांनी विचारी.

"लागून राह्यलं." (काही लागत नव्हतं.)

अकराव्या क्रमाला मामी चहा घेऊन आली. मूळ डिस्क बघून म्हणाली, "अवं, पहिली तर हे हाय!"

"तुले कसं माहीत?"

"कुंकू पाय ना! एकदाच बोट बुडवलं अन् चौघींले लावलं. पहिलीले दाट, चौथीले येईपर्यंत बोट कोरडं."

"अन् काढल्या कशा होत्या?"

"वरून खाली. काढल्या तशाच मांडल्या."

मी दाट ते फिकट असा क्रम लावला. लग्नं परत आली! माझ्या त्या 'हो'मुळे फायलींची यादी जागोजागी फाटली होती. ती सांधताना दुसऱ्यांच्या दोन वराती कायमच्या गेल्या. मामाचं लग्न मात्र शाबूत होतं.

मांडवात चार वर्षांची मी कॅमेऱ्याकडे हात लांबवत येते आहे. बाजूनं एक आवाज येतो, जरा घोगरा, मामीसारखा मुळीच नाही:

"अवं, हात नोको लावू त्याले! बिघडवशीन!"

मी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा.

इतक्या वर्षांनी आई मला रागावली होती. सल्लाही अगदी बरोबर होता. फक्त चार दिवस उशिरा पोचला!