पाणबुडीतला चमचा

गेल्या सप्टेंबरात, सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी, विनायक दामले न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून बरंच आत एका भाड्याच्या बोटीवरून समुद्रात उतरले. बोट थांबली होती तिथे तळाशी दुसऱ्या महायुद्धात बुडालेली एक जर्मन पाणबुडी आहे. दामल्यांचं वय एकाहत्तर होतं. हृदयात दोन स्टेंट होते आणि डॉक्टरांनी डायव्हिंगला मनाई केलेली होती. त्यांच्याजवळ एक चमचा होता.

न्यू जर्सीतल्या एडिसनमधली आपली मराठी मंडळी निवृत्त झाली की गोल्फ, भजन किंवा शेअर बाजार यांपैकी काहीतरी धरतात. दामल्यांनी पन्नाशीतच डायव्हिंग धरलं. ते रिफायनरीत पाइपिंग इंजिनिअर होते. कारण विचारलं की सांगायचे, "आयुष्यभर पाइपाच्या बाहेर उभं राहून आकडेमोड केली. म्हटलं, एकदा आत जाऊन बघावं. पाणबुडी म्हणजे तरी काय, माणसं भरलेला पाइप." ऐकणारा हसला तरी ते हसत नसत.

त्यांना गप्प बसलेलं कोणी पाहिलेलं नव्हतं. कोणाच्या मुलाला मोठ्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, कोणी तळघरात होम थिएटर केलं, कोणी साठाव्या वर्षी गाणं शिकायला लागलं, सगळ्यांना त्यांचं एकच प्रमाणपत्र होतं: "कौतुक आहे." ते मिळालेला माणूस सहसा दुसऱ्यांदा बातमी द्यायला येत नसे. स्टेंट बसवायच्या दिवशी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पेठे, म्हणजे त्यांचे जुने मित्र, धीर द्यायला जवळ आले. टेबलावर आडवे पडलेले दामले म्हणाले, "पाइपिंगचं काही अडलं तर विचार."

मराठी मंडळाने एकदा त्यांचं पाणबुडीवर व्याख्यान ठेवलं होतं. त्यांनी तासभर स्लाइड दाखवल्या. गंजलेली पत्र्याची भिंत, फाटलेला सांगाडा, आत गाळ. यातले खलाशी कधीच बाहेर आले नाहीत, असं सांगून ते थांबले. मग प्रश्नोत्तरं झाली. पहिला प्रश्न होता, बोटीवर व्हेज मिळतं का. "वर सँडविच असतं," दामले म्हणाले. "खाली चौकशी केलेली नाही."

चमचा त्यांनी सुरुवातीच्या एका डाइव्हमध्ये वर आणला होता, पाणबुडीच्या स्वयंपाकघराच्या जागेतून. असं काही उचलू नये हे त्यांना माहीत होतं. दुसरेही उचलत, हेही माहीत होतं. घरी त्यांनी तो चिंच लावून घासला आणि दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवला. आत दिवा असलेला कप्पा एकच होता. त्यात त्यांच्या पत्नी सुधाकाकूंची चांदीची पूजेची भांडी होती. चमचा त्यांच्या शेजारी गेला.

"जेवताना गेला असेल तो," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "त्याचा चमचा आपल्या घरात कशाला?"

"युद्ध हरलेत ते. परत मागायला येणार नाहीत."

त्यानंतर काकू तो कप्पा नेमाने पुसत राहिल्या, पण चमच्याला हात लावला नाही. वीस वर्षं हा तह टिकला. मोडला तो मंडळातल्या जोशी वहिनींनी.

गेल्या वर्षीचा गणपती त्या घरातला शेवटचा होता. घर विकलं गेलं होतं. ऑक्टोबरात दोघं दूर दक्षिणेत अल्फारेटाला मुलीकडे, केतकीकडे, कायमचे जाणार होते. निरोपाचा गणपती म्हणून सगळं एडिसन आलं होतं. आरती झाली आणि पंचामृत वाढायला पळी सापडेना. वहिनींनी शोकेस उघडली, पूजेच्या भांड्यांशेजारचा लखलखीत चमचा उचलला आणि वाढायला सुरुवात केली. रांगेत निम्म्याहून जास्त लोकांचं घेऊन झालं होतं. मीही घेतलं होतं. मग दामल्यांनी हात पुढे केला. चमचा पाहिला, पंचामृत घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि विचारलं, "वहिनी, हा कुठे मिळाला?"

"शोकेसमध्ये. का? मला आपलं वाटलं, जर्मन सिल्व्हर असेल."

"बरोबर वाटलं."

"म्हणजे?"

"बुडालेल्या पाणबुडीतला आहे. वाढा तुम्ही, रांग खोळंबलीय."

रांग खोळंबली नाही, नाहीशी झाली. काही जण बाथरूमकडे गेले. एकाने फोनवर शोध सुरू केला. डॉ. पेठ्यांनी जाहीर केलं की इतक्या वर्षांत जंतू मेले असणार. "जंतूच काय," दामले म्हणाले, "सगळेच मेले." वहिनी मोदक न खाता घरी गेल्या. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या दिवशी शुद्धीसाठी गोमूत्र कुठे मिळेल याची चर्चा झाली आणि एका इंडियन ग्रोसरीचा पत्ता सर्वानुमते मान्य झाला.

विसर्जन झाल्यावर काकू म्हणाल्या, "हा अल्फारेटाला येणार नाही. केतकीकडे बाळ यायचंय."

"टाकून देऊ?"

"टाकायचा नाही. ज्याचा आहे त्याला द्या. पितृपक्ष लागतोय, अमावास्येच्या आत."

अडचण एवढीच होती की ज्याचा होता तो शंभरेक फूट पाण्याखाली होता. तिथे जाणारा रस्ता ज्या एका माणसाला ठाऊक होता, त्याला जायला बंदी होती. केतकीने स्पीकरफोनवर तोडगा काढला. "बाबा, आर यू सीरियस? जस्ट डोनेट इट टू अ म्यूझियम."

"म्यूझियम काय त्या खलाशी पोराचं घर आहे?" काकूंनी विचारलं. मग केतकीने एकच अट घातली: बाबा पाण्यात जाणार नाहीत, वरूनच काय ते करतील. दामल्यांनी तत्काळ होकार दिला. ते कशालाही तत्काळ होकार देत नसत, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

आमचे गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात आणि शनिवार-रविवारी पूजा सांगतात. त्या खलाशांच्या तर्पणाचं विचारल्यावर त्यांनी मृतांचं गोत्र विचारलं. माहीत नाही म्हटल्यावर म्हणाले, मग काश्यप लावतात, हरकत नाही.

"कौतुक आहे," दामले म्हणाले. "त्यांच्या वंशशुद्धीवाल्या साहेबाला हे वेळेवर कळायला हवं होतं."

बोटीवर मी नव्हतो. पुढचं काकूंनी आणि बोटीचा कॅप्टन फ्रँक याने सांगितलं. काकूंना बोट लागते. इतक्या वर्षांत त्या एकदाही गेल्या नव्हत्या. त्या दिवशी गेल्या, कारण नवरा वरूनच परत येतो की नाही हे त्यांना पाहायचं होतं. बोटीवर दामल्यांची डायव्हिंगची बॅग आधीच येऊन पडली होती. ती कोणी आणली, हे फ्रँकला सांगता आलं नाही. काकू त्या बॅगेवर बसल्या.

दामल्यांनी कठड्याशी उभं राहून तीळ आणि पाणी सोडलं. फ्रँकने टोपी काढली. मग तो म्हणाला, "गिव्ह इट टू मी, विन. आय विल ड्रॉप इट डाउन देअर."

"नॉट ड्रॉप," काकू म्हणाल्या. "फ्रॉम व्हेअर ही टूक, देअर."

फ्रँकला ती जागा माहीत नव्हती. पत्रे ढासळून आतली वाट बदलली आहे, असं त्याने सांगितलं.

"दाराशीच ठेवून यायचं तर पोस्टाने पाठवला असता," दामले म्हणाले.

काकूंनी विचारलं, "तुम्हाला तरी आठवते का जागा?"

"आठवत नाही. हाताला माहीत आहे."

काकूंना त्याच वेळी एक उलटी झाली. तोंड पुसून त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं. मग बॅगेवरून उठल्या.

"वर या म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "केतकीला काय सांगू?"

"खरं सांग. विश्वास ठेवणार नाही ती."

फ्रँक सोबत उतरला. त्याच्या सांगण्यानुसार दामले सांगाड्यातल्या एका भगदाडातून कमरेपर्यंत आत गेले. आत उजेड नव्हता, गाळ उठला होता. फ्रँकने त्यांचा एक पाय धरून ठेवला. पाय बराच वेळ हलला नाही. तो ओढायच्या बेतात असताना दामले स्वतःच मागे सरकत बाहेर आले. दोन्ही हात रिकामे होते.

दोघं टप्प्याटप्प्याने वर आले. शिडीवर काकूंनी दामल्यांचा दंड धरला. डॉ. पेठ्यांनी दुसऱ्या दिवशी तपासलं. नवीन काही आढळलं नाही, पेठ्यांचं रागावणं सोडून. ऑक्टोबरात दोघं अल्फारेटाला गेले. तिथे समुद्र नाही.

त्या दिवशी बोट वळल्यापासून किनारा येईपर्यंत दामले एक शब्दही बोलले नाहीत. याला काकू आणि फ्रँक, दोघांचाही दुजोरा आहे.