शुक्रावर टिकणारी डबी

नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात झुंबर पगारेंनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. मोठा खमक्या गडी, पण वाफेपुढं नरम! कडक तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. गळती हुडकायला ते लांब काठीला खराटा बांधून पुढं धरत, अन् खराट्याच्या काड्या तुटून उडाल्या की तिथंच थबकत.

ते निवृत्त झाले तेव्हा लेक अंजली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. शुक्राच्या जमिनीवर टिकेल अशी पोलादी डबी तिला बनवायची होती, आत उष्णता अडवणारं जाड अस्तर आणि तापमान नोंदणारं यंत्र. सातपूरच्या एका वर्कशॉपात दोनदा चाचणी झाली, दोनदा डबी गळली. आता तिसऱ्यांदा गळली की प्रकल्प बाद, अन् त्याच्यावर मिळालेली बंगळूरची संशोधनाची जागाही गेली. पोरीचं जेवणावरून मन उडालं होतं.

"असं तापतं तरी किती गं तिथं?"

"चारशे पासष्ट अंश, पप्पा. हवेचा दाब आपल्याकडच्या ब्याण्णव पट."

झुंबर पुढं सरकले. "अगं, ही तर आमच्या पाइपातली गत! पण पाइपाबाहेर? डोंगरदऱ्यांत सगळीकडं?"

"हो. रात्रीसुद्धा. ध्रुवांवरसुद्धा."

"अन् बंद करायला कोणी नाय! बाप रे बाप!" त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

मग त्यांनी डबी हातात घेतली. झाकणाला बारा बोल्ट. "इथंच माती खाल्लीत! तापलं की बोल्ट सैल पडतात. आम्ही गरम असतानाच पुन्हा आवळायचो. तिथं पाना घेऊन कोण जाणार, तुझा काका? सरळ वेल्डिंग मार."

"आत काही बिघडलं तर उघडता येणार नाही."

"तिथं तरी कुठं उघडणारेस?"

अंजलीनं ओठ चावला आणि झाकण वेल्ड करून घेतलं.

चाचणीच्या दुपारी, शुक्राइतका ताप आणि दाब देणाऱ्या भट्टीसमोर, परीक्षक आणि कारागिरांच्या घोळक्यात दोघं उभी. "तिथं सगळ्यात जास्त टिकलेलं यान दोन तास सात मिनिटं चाललं," अंजली म्हणाली.

"मग माणसाचं नावच नको."

"जमिनीवर नको. पण पन्नास-पंचावन्न किलोमीटर वर दाब आणि ऊब जवळपास नाशिकसारखी. आम्लाच्या ढगांपासून जपलं, तर फुग्याखाली घर टांगून माणूस राहीलसुद्धा कधीतरी."

वर नाशिक आणि खाली अख्खा बॉयलर! झुंबर आ वासून ऐकत राहिले.

दोन तास सात मिनिटं उलटली. अडीच तासांनी डबी काढली, गार केली, कटरनं चिरली. अंजलीला बघवेना, तिनं तोंड फिरवलं. वाकून बघितलं ते झुंबरनीच. यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अंजे, जिवंत हाय गं!" ते ओरडले, आणि एवढ्या माणसांत ढसाढसा रडायला लागले.