टेलरकाकांचे टोमॅटिलो

आमच्या शेजारच्या टेलरकाकांनी दुकान बंद केलं, तरी त्यांची नजर अजून शिवणीवरच असते. माझ्याशी बोलतानासुद्धा ते आधी माझी उसवलेली बाही बघतात, मग तोंडाकडे.

काकूंचं मोठं दुखणं सरलं, पण तोंडाची चव काही परत आली नाही. काहीही पुढे ठेवा, "माती खाल्ल्यासारखं लागतं," म्हणून ताट सरकवायच्या. एकदाच म्हणाल्या, "लेकीकडे टोमॅटिलोची हिरवी आंबट चटणी खाल्ली होती, ती असती तर..." झालं! काकांनी लेकीकडून बी मागवलं आणि मागच्या अंगणात रोपं लावली. काकूंना मात्र, "तू पडून राहा, मी बघतो सगळं."

टोमॅटिलो म्हणजे टोमॅटोचा चुलतभाऊ, पण प्रत्येक फळावर कागदासारखं पातळ हिरवं वेष्टन. सुरुवातीला वेष्टन ऐसपैस आणि आत फळ एवढंसं. काका खूश. "बाई, वाढत्या अंगाचं असंच सैल शिवावं."

एका सकाळी बघते तर काका स्टुलावर बसून सुई-दोऱ्याने ती वेष्टनं शिवतायत!

"काका, हे काय?"

"फाटायला लागलीत हो. फळं लाल होईपर्यंत टिकायला नकोत?"

मागून हसण्याचा आवाज आला. भिंतीला धरून काकू दारात उभ्या होत्या. आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच अंगणात येत होत्या.

"अहो, पोर अंगाने भरलं म्हणून झबलं उसवलं. टाके कसले घालताय? हे लाल होत नाही. वेष्टन तडकलं की हिरवंच तोडायचं. लेकीकडे मीच तर तोडायचे."

"मग सांगायचं नाही का?"

"पडून राहा म्हणालात ना!"

आधी शिवलेली काही फळं आत पिवळी पडली होती. "ही गोडसर झाली," म्हणत काकूंनी ती बाजूला केली. मग एकेक फळ दाबून बघत त्यांनी एक घट्ट, हिरवंगार निवडलं, हलकेच पिरगळून तोडलं, वेष्टन काढलं, चिकट साल नळाखाली धुतली आणि सरळ दात लावला. डोळे गच्च मिटले, सगळा चेहरा आक्रसला.

काकांच्या हातातली सुई तशीच राहिली. "वाईट लागलं का गं?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली, उरलेलं तोंडात टाकलं आणि झाडाकडे पुन्हा हात नेत म्हणाल्या, "बघत काय बसलात? आत जाऊन मीठ आणा."